जुन्या पिकअपला धाप का लागते?

पापड, लोणची, शेळ्या, बँकेची खाती या सगळ्यावर आपण या कार्यक्रमात बोलत आलो. आज बोलायचंय इंजिनाबद्दल. ज्या गटांनी आपला माल स्वतः बाजारात न्यायला सुरुवात केली, त्यांच्या दारात आता गाडी उभी आहे. ती बहुतेक वेळा कोणीतरी वापरून सोडलेली असते. अशी गाडी पहिलं वर्ष बरी चालते आणि मग एक दिवस चढावर कुंथायला लागते. त्यानंतर गॅरेजचे हेलपाटे सुरू होतात, आणि गटाच्या बैठकीत प्रश्न येतो: गाडीची ताकद वाढवायची तर काय करायचं, आणि त्यावर किती पैसे घालायचे?

आमचा गट संगमेश्वर तालुक्यातला. कोकम, आगळ, फणसपोळी, काजू आणि हंगामात हापूसच्या पेट्या असा माल आम्ही साखरप्यावरून आंबा घाटाने कोल्हापूरला नेतो. म्हणजे आमचा भरलेला फेरा चढाचा आणि रिकामा फेरा उताराचा. गाडी पेट्रोलवरची, चार सिलेंडरची, बाराशे सीसीच्या आतबाहेरची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहोत ते थोड्याफार फरकाने सगळ्याच जुन्या पेट्रोल पिकअपना लागू आहे.

पेट्रोलची गाडी, हे आधी नीट लक्षात घ्या. आपल्याकडे छोटी मालगाडी म्हटलं की डिझेलच डोळ्यांसमोर येतं. २००५ साली टाटा एस आली, जिला आपण सगळे छोटा हत्ती म्हणतो, ती दोन सिलेंडरची आणि डिझेलवरची. त्यामुळे चालवणाऱ्यांचा आणि मिस्त्रींचा हात डिझेलवर बसलेला आहे. पेट्रोलचं इंजिन निराळ्या स्वभावाचं. डिझेल कमी फेऱ्यांवर ओढतं. पेट्रोलला जोर दाखवायला जास्त फेरे लागतात. अशा पेट्रोल इंजिनाची पुस्तकात लिहिलेली पूर्ण ताकद मिनिटाला साधारण सहा हजार फेऱ्यांवरची असते. तेच इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असेल तर त्या ताकदीचा तिसरा हिस्सा जेमतेम मिळतो. डिझेलची सवय असलेला माणूस घाटात वरच्या गिअरवर गाडी रेटत राहतो, ती थरथरायला लागली की मग गिअर खाली घेतो, आणि म्हणतो गाडीत दम नाही. दम आहे, पण तो वरच्या फेऱ्यांत आहे. चढ सुरू व्हायच्या आधीच एक गिअर खाली घ्यायचा आणि इंजिन मोकळं फिरू द्यायचं. आवाज वाढतो, त्याला घाबरायचं नाही. या उपायाला एक रुपया लागत नाही, म्हणून तो सगळ्यांत आधी सांगितला.

आमच्याकडे गाडी आमच्यातलीच एक जण चालवते. ज्यांना लायसन्सची शंका आहे त्यांच्यासाठी जाता जाता सांगतो: हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तर एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी त्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. आपल्या पिकअप त्याच्या कितीतरी खाली आहेत.

आता इंजिनाकडे येऊ. चूल पेटवलेल्या बाईला इंजिन समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. चुलीत लाकडं कितीही कोंबली आणि हवा नसली, तर धूर होतो, जाळ होत नाही. इंजिनाचंही तेच. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. लिटरमध्ये मोजलं तर एक लिटर पेट्रोलला साधारण नऊ हजार लिटर हवा. उन्हाळ्यात वाडीवर दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना, जवळजवळ तेवढी हवा एका लिटर पेट्रोलमागे. ती सगळी हवा एका पुठ्ठ्याच्या जाळीतून, म्हणजे एअर फिल्टरमधून, आत जाते. आत गेलेली हवा आणि पेट्रोल पिस्टन दाबतो, प्लग ठिणगी देतो, जाळ होतो, पिस्टन ढकलला जातो आणि धूर सायलेन्सरमधून बाहेर पडतो. ताकद कमी झाली म्हणजे या वाटेवर कुठेतरी अडलंय: हवा आत येत नाही, पेट्रोल पुरत नाही, दाब बसत नाही, ठिणगी नीट पडत नाही किंवा धूर बाहेर जात नाही. आणि हे सगळं ठीक असेल तर झालेली ताकद चाकापर्यंत पोचत नाहीये. या पलीकडे सातवं कारण सहसा नसतं.

गेल्या फेब्रुवारीत आमची गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर यायला लागली. आधी त्याच मालाला ती बहुतेक घाट तिसऱ्यावर चढायची. हंगाम तोंडावर होता. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी चालवून पाहिली, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला आणि सांगितलं की इंजिन उतरवून बोअर करावं लागेल, सायलेन्सर मोकळा बसवू, गाडी नव्यासारखी पळेल. आकडा सांगितला बावन्न हजार. त्यांनी फसवायचं ठरवलं होतं असं आम्ही म्हणणार नाही. जुनी गाडी ओढत नाही म्हटलं की बोअर, ही अनेक गॅरेजची पाठ झालेली वाट आहे. पण बावन्न हजार म्हणजे आमच्या गटाची अंतर्गत कर्जाची जवळजवळ सगळी रक्कम. जूनमध्ये तिघींना त्यातून कर्ज द्यायचं ठरलं होतं. एकीच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश त्यावर अवलंबून होता. बैठकीत दोन तट पडले. शेवटी असं ठरलं की पैसे काढायच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी गाडी दाखवायची, आणि तोंडी नव्हे, मोजून दाखवायची.

दुसरे मिस्त्री म्हणजे एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले एक काका. आता घरच्या पडवीतच काम करतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो इंजिनाबद्दल नव्हताच. ते म्हणाले, "माल किती भरता?" मग आरसी बुक मागितलं आणि गाडीचं पासिंग किती किलोचं आहे ते आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण हा हिशेब गॅरेजमध्ये कोणी करत नाही. आमची गाडी रिकामी साधारण साडेआठशे-नऊशे किलो. त्यात दोन माणसं आणि सातशे किलो माल, म्हणजे पावणेदोन टन चढावर ओढायचे. यातले पावणेदोनशे किलो कमी केले तर एकूण वजन दहा टक्क्यांनी उतरलं. चढावर त्याचा परिणाम इंजिनाची ताकद दहा टक्क्यांनी वाढवल्यासारखाच. पावणेदोनशे किलो म्हणजे आंब्याच्या आठ-नऊ भरलेल्या पेट्या. इंजिनावर पंचवीस-तीस हजार खर्चून दहा टक्के मिळतील याची खात्री कोणी देत नाही. पेट्या उतरवून ते नक्की मिळतात. पासिंगपेक्षा जास्त भरलं तर दंड किती तेही ऐकून ठेवा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. उन्हात रस्त्याकडेला उतरवलेल्या हापूसचं काय होतं ते आंबेवाल्यांना सांगायला नको.

आम्ही पासिंगच्या आतच भरत होतो, त्यामुळे आमचं दुखणं दुसरं होतं. पण काकांनी विचारलं ते बरोबर विचारलं.

मग त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि चारही चाकं हाताने फिरवायला सांगितली. मागचं डावं चाक जड फिरत होतं. ब्रेक सुटल्यावरही चिकटून राहत होता. म्हणजे आम्ही एक ब्रेक दाबूनच घाट चढत होतो. तुम्हाला जॅक नको असेल तर सोपी परीक्षा अशी: सपाट रस्त्यावर पाच-सात किलोमीटर ब्रेक फारसा न लावता गाडी चालवा, थांबवा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर तिथे काहीतरी घासतंय. टायरमधली हवाही त्याच दिवशी पाहा. कमी हवेचा टायर म्हणजे वाळूतून चालणं.

क्लचची परीक्षाही घरच्या घरी होते. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, आणि करपल्यासारखा वास येतो, असं असेल तर क्लच प्लेट घसरतेय. तिथे इंजिन बोअर करून काहीच उपयोग नाही. मोटर चांगली असून पट्टा घसरत असेल तर गिरणीत पीठ पडत नाही, तसं.

आणखी एक तपासणी आहे, ती ऐकून तुम्हाला हसू येईल. एका मैत्रिणीने आत बसून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दुसरीने इंजिनापाशी पाहायचं की हवेचं झाकण, ज्याला थ्रॉटल म्हणतात, ते पूर्ण उघडतंय का. इंजिन बंद ठेवूनच हे करायचं. जुन्या गाडीत तार सैल होते आणि पाय तळाला टेकला तरी झाकण पाऊणच उघडतं. शेजारच्या वाडीच्या गटाच्या गाडीत तार ठीक होती. पण पावसात पाय सरकू नये म्हणून पॅडलखाली गोणपाटाच्या तीन घड्या घातल्या होत्या. पॅडल खाली जायला जागाच नव्हती. घड्या काढल्या आणि गाडी पळाली. तेही गॅरेजला पैसे देऊन आले होते. मात्र नव्या पद्धतीच्या काही गाड्यांत तारेऐवजी वायरिंग असतं, तिथे ही परीक्षा बंद इंजिनावर होत नाही. पॅडलखाली पाहणं मात्र कुठल्याही गाडीत होतं.

एअर फिल्टर काढला. आमच्याकडे जांभ्याची लाल धूळ. फिल्टर विटेच्या रंगाचा झाला होता. पुस्तकात लिहिलेले किलोमीटर डांबरी रस्त्याचे असतात. खाणीच्या, बागेच्या, कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला त्याच्या निम्म्यातच फिल्टर बदलावा लागतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर तुंबला की ॲव्हरेज फारसं पडत नाही, कारण गाडीचा कॉम्प्युटर हवेच्या मानाने पेट्रोलही कमी सोडतो. पडते ती ओढ. म्हणून "ॲव्हरेज बरं आहे, मग फिल्टर चांगलाच असेल" हा हिशेब कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचा आहे, इथे तो चालत नाही. फिल्टरच्या डब्याला बाहेरची हवा आणणारी एक जाड नळी असते. तीही पाहा. छोट्या पिकअपमध्ये इंजिन सीटखाली असतं आणि ती नळी फाटली किंवा निसटली की इंजिन स्वतःचीच तापलेली हवा ओढतं. तापलेली हवा विरळ. दहा अंशांनी थंड हवा साधारण तीन टक्के दाट असते. आमची गाडी आता पहाटे साडेचारला निघते. आंब्यासाठी ते बरं, इंजिनासाठीही बरं. उंचीवरही हवा विरळ होते, दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के. महाबळेश्वरला माल नेणाऱ्या मैत्रिणींनी समजून घ्यावं की तिथे वर पोचेपर्यंत कुठल्याही साध्या पेट्रोल इंजिनाची बारा-तेरा टक्के ताकद हवेनेच कमी केलेली असते. तो गाडीचा दोष नाही.

मग प्लग. चारही प्लग काढून क्रमाने कापडावर मांडले. प्लगचं टोक फिकट तपकिरी, भाजलेल्या रव्यासारखं असेल तर ते सिलेंडर नीट जळतंय. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट काळं म्हणजे ऑइल जळतंय. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन तापतंय. आमचे तीन प्लग बरे होते, तिसऱ्या सिलेंडरचा काळा. प्लग बदलून गाडी सुधारेल असं आम्हाला वाटलं. काका म्हणाले, प्लग बदलूच, पण तो काळा का झाला ते आधी बघू.

आणि इथे ती तपासणी आली जिच्यावर बावन्न हजारांचा निकाल होता. कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, पेट्रोल आणि ठिणगीचं कनेक्शन काढून ठेवायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, आणि प्लगच्या भोकात घड्याळासारखं गेज बसवून स्टार्टर मारायचा. पिस्टन हवा किती दाबतो ते काटा सांगतो. बहुतेक पेट्रोल इंजिनांत हा आकडा दीडशे ते एकशेऐंशी पाउंडांच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. आमचे आले एकशेसत्तर, एकशेपासष्ट, एकशेदहा, एकशेअडुसष्ट. तीन सिलेंडर तरणे आणि एकच आजारी. मग काकांनी त्या तिसऱ्या भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि परत गेज लावलं. ऑइल पिस्टनच्या कडेने बसतं आणि रिंगा झिजल्या असतील तर फट बुजवतं. आकडा चांगला वर गेला तर दोष रिंगांचा, म्हणजे मग खरोखर बोअर-पिस्टनचं काम. आकडा हलला नाही तर हवा वरून निसटतेय, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आमचा एकशेदहाचा एकशेपंधरा झाला. रिंगा ठीक होत्या. बोअरची गरजच नव्हती.

हेड उघडलं तेव्हा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळलेला निघाला. कारण टॅपेट. ज्या इंजिनात टॅपेट हाताने सेट करावे लागतात, तिथे व्हॉल्व्हच्या वर कागदाइतकी फट ठेवलेली असते. ती फट जास्त झाली तर टक्टक् आवाज येतो आणि आपण गॅरेजला जातो. ती कमी झाली तर आवाज काहीच येत नाही, उलट इंजिन छान शांत वाटतं. पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम धूर फटीतून निसटत राहतो आणि कड जळते. म्हणजे वाजणारा टॅपेट परवडला, न वाजणारा घात करतो. सासूसारखं आहे, असं आमच्यातली एक म्हणाली. कोण ते सांगत नाही.

व्हॉल्व्ह नवे, ग्राइंडिंग, गॅस्केट, प्लग, फिल्टर, ब्रेकचं काम, टॅपेट सेटिंग आणि मजुरी धरून तेरा हजार आठशे झाले. आणि ते काम झालं हे आम्ही कसं मानलं? घड्याळ लावून. घाटाच्या पायथ्याची एक फरशी आणि वरचं एक ठरावीक वळण अशा दोन खुणा आम्ही आधीच धरल्या होत्या. तीस पेट्या, तीच चालवणारी, पहाटेची वेळ. आधी अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागत होते. कामानंतर नऊ मिनिटं दहा सेकंद. तिसरा गिअर परत आला. तुम्हीही गाडी गॅरेजला टाकण्याआधी असा एखादा चढ मोजून ठेवा. पहिल्या दिवशी पैसे दिलेल्या माणसाला गाडी हलकी वाटतेच. घड्याळाला तसं वाटत नाही.

आता ज्या गोष्टी विकायला येतात त्यांच्याबद्दल. मोकळा सायलेन्सर बसवला की आवाज वाढतो आणि आवाजाने कानाला ताकद वाढल्यासारखी वाटते. साध्या मालगाडीच्या इंजिनाला त्यातून मिळणारा फायदा नगण्य. पेट्रोलच्या नळीवर बांधायचे लोहचुंबक आणि टाकीत टाकायच्या ताकदीच्या बाटल्या यांच्यावर पैसे घालवू नका. महागडं पेट्रोल घ्यावं का? पूर्वी साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ९१ असायचा, महागड्याचा ९५ किंवा त्याहून वर. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी भडकू नये, याची ती क्षमता. चढावर इंजिनातून खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल तर त्याचा उपयोग होऊ शकतो. येत नसेल तर नाही. बोअरचंही एकदा मोजून घ्या: त्र्याहत्तर मिलिमीटरचं सिलेंडर अर्ध्या मिलिमीटरने मोठं केलं तर इंजिनाचा आकार दीड टक्काही वाढत नाही. बोअर केल्यावर गाडी पळते ती नव्या पिस्टन-रिंगांमुळे दाब परत येतो म्हणून. दाब मुळात चांगला असेल तर ते इंजिन खोलणं म्हणजे बऱ्या दाताला कवळी.

मोठं इंजिन बसवून देतो, असं सांगणारेही भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचा दावाही अडकतो. आणि गाडी गटाच्या नावावर असेल तर मालक म्हणजे आपण सगळ्या. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा जो डबा असतो तो जुना होऊन तुंबतो, हे खरं आहे. तसं झालं तर गाडी कमी फेऱ्यांवर बरी चालते आणि वरच्या फेऱ्यांवर गळा दाबल्यासारखी होते. पण तो काढून नुसती नळी बसवायची नाही, नवा डबा बसवायचा.

इथेनॉलबद्दल बरेच जण विचारतात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं त्यात बरंच आहे, ही चांगली गोष्ट. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घसरू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे. दुसरं, इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. पेट्रोल फिल्टर आणि नळ्या वर्षातून एकदा बघून घ्या, नळीला भेग दिसली तर त्याच दिवशी बदला. ती आगीची गोष्ट आहे.

ज्यांच्या गाडीला सीएनजी आहे त्यांना घाटात फरक जाणवेल. गॅस हवेची जागा खातो, त्यामुळे त्याच इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. गाडी दोन्हीवर चालत असेल तर घाट पेट्रोलवर चढा, सपाटीला गॅसवर या. सीएनजीवर व्हॉल्व्ह जास्त तापतात, म्हणून टॅपेट वेळेवर बघायचे.

एक गोष्ट गॅरेजबद्दल. आम्ही चौघी गेलो की मिस्त्री बोलतात ते सोबत आलेल्या एखाद्या पुतण्याशी, मग तो बारावीतला का असेना. आम्हाला म्हणतात, ताई, तुम्ही सावलीत बसा. सावलीत बसायला हरकत नाही, पण कॉम्प्रेशनचे चार आकडे लिहून द्या म्हणायचं. आकडे मागितले की बोलण्याचा रोख बदलतो, हा आमचा अनुभव. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यायचा. आमचा जळका व्हॉल्व्ह बैठकीच्या खोलीत खिडकीत ठेवला आहे. कोणीही येऊन पाहा.

घाट उतरताना मात्र ताकदीचा विचार सोडा. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, ब्रेक सतत दाबून धरू नका. आणि गाडी शेडमध्ये दार बंद करून चालू ठेवू नका, त्या धुराला वास नसला तरी तो जीव घेतो.

तिघींची कर्जं जूनमध्ये ठरल्याप्रमाणे दिली गेली. पुढच्या आठवड्यात याच वेळी मालगाडीचा विमा कसा वाचायचा यावर बोलू. पॉलिसीचा कागद समोर घेऊन बसा.